‘लिटल स्टार’ : बडबडगीतातून उभं राहिलेलं एकुलतं एक हिट गाणं

२५ ऑगस्ट १९५८च्या आठवड्यात अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या हॉट हंड्रेड, म्हणजे आठवड्यातल्या शंभर लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ‘लिटल स्टार’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. गाणारी पाच मुलं न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची, विशीच्या आसपासची. समूहाचं नाव ‘द एलिगंट्स’. गाण्याचा गाभा म्हणजे आपल्याकडेही बालवाडीतल्या प्रत्येक पोराला पाठ असलेलं ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’. त्या यशानंतर हा समूह हॉट हंड्रेडमध्ये पुन्हा एकदाही दिसला नाही. खालच्या नव्वद-पंच्याण्णव क्रमांकांतसुद्धा नाही.

अशा समूहांबद्दल ‘नशिबाने एकदा साथ दिली’ एवढं बोलून विषय मिटवतात. मला ते पटत नाही. या गाण्याच्या मागे-पुढे काही निर्णय आहेत. त्यातले काही फार हुशारीचे, तर काहींचे परिणाम तेव्हा कुणाला दिसले नसावेत. ते निर्णय सुटे करून पाहावेत यासाठी हे लिहितो आहे. गीतकार म्हणून ज्यांची अधिकृत नोंद आहे त्या दोघांची नावं दिली आहेत, बाकीच्या सदस्यांचा उल्लेख त्यांच्या आवाजाच्या भूमिकेने केला आहे.

पार्श्वभूमी

डू-वॉप, म्हणजे चार-पाच जणांनी आवाजांच्या मेळावर गायची गाणी, हा प्रकार अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये घडला. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस ‘द रेव्हन्स’, ‘द ओरिओल्स’ अशा समूहांनी वाट पाडली आणि पन्नाशीच्या दशकात ती न्यूयॉर्कच्या नाक्यानाक्यावर पोचली. ब्राँक्स, ब्रुकलिन आणि स्टेटन आयलंडमधल्या इटालियन वंशाच्या मुलांनीही ती उचलली. वाद्यं घ्यायला पैसे नसत, आणि या गाण्याला वाद्यांची गरजही नव्हती. एक मुख्य गायक, दोन टेनर (उंच पट्टीचे आवाज), एक बॅरिटोन (मधल्या पट्टीचा) आणि खर्जात गाणारा एक बास, एवढ्यावर काम भागायचं. बास गळ्यानेच डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्याचं काम करायचा आणि मधले तिघे अर्थहीन अक्षरांनी सुरांचा पडदा धरायचे. लागायची ती फक्त घुमणारी जागा, म्हणजे भुयारी रेल्वेचं स्थानक, इमारतीचा जिना, शाळेचं स्वच्छतागृह. एलिगंट्सना ती साउथ बीचवर मिळाली. तिथे समुद्रकाठी लाकडी फळ्यांची लांबलचक वाट आहे. तिच्याखाली उभं राहून ही मुलं सराव करायची.

त्यांतले दोघे आधी दुसऱ्या एका समूहात गात होते. त्या समूहाची एक रेकॉर्डही निघाली होती, पण तिचं पुढे काही झालं नाही. म्हणजे ही मंडळी अगदी कोरी नव्हती. स्टुडिओत माइकसमोर उभं राहायचं कसं हे त्यांनी पाहिलं होतं आणि रेकॉर्ड निघाली म्हणजे सगळं झालं असं नसतं, हेही.

स्टेटन आयलंड न्यूयॉर्क शहराचाच भाग, पण तेव्हा मॅनहॅटनपासून तुटलेला. ब्रुकलिनला जोडणारा व्हेराझानो पूल १९६४ साली झाला. त्याआधी मॅनहॅटनला जायचं म्हणजे फेरीबोट, पाच सेंटचं तिकीट. रेकॉर्ड कंपन्या, गाण्यांच्या हक्कांचा व्यवहार पाहणारे प्रकाशक, एजंट सगळे मॅनहॅटनमधल्या ब्रॉडवे या रस्त्याच्या आसपासच्या इमारतींत बसलेले. मुलं बोटीतून उतरायची आणि दारोदार गाऊन दाखवायची.

प्रश्न काय होता

त्या दारांवर रोज असे समूह यायचे. सूर सगळ्यांचेच बरे असायचे. कंपनीचा माणूस एखादं कडवं ऐकायचा, फार तर दोन, आणि पुढच्याला बोलवायचा. रेडिओवरही तेच. निवेदकाच्या टेबलावर आठवड्याला रेकॉर्डचा ढीग पडायचा. या गर्दीत ओळख ना पाळख असलेल्या पाच मुलांचं गाणं पहिल्या दहा सेकंदांत ऐकणाऱ्याला धरून कसं ठेवणार?

समोरच्या वाटा

पहिली वाट म्हणजे लोकप्रिय गाणी गाणं. शाळेच्या नृत्यसमारंभाला ती चालतात, पण कंपनीला तीच गाणी दुसऱ्या गळ्यातून कशाला हवी असणार? शिवाय गाणं दुसऱ्याचं असेल तर गीतकाराचे पैसेही दुसऱ्याचे.

दुसरी वाट म्हणजे स्वतःचं नवं प्रेमगीत लिहिणं. तसं सगळेच लिहीत होते. शब्द तेच, विरह तोच, चौकटही तीच.

तिसरी वाट त्यांनी धरली. लोकांना आधीच पाठ असलेलं काहीतरी घ्यायचं आणि त्याचं आपलं गाणं करायचं. आज हे सोपं वाटतं, पण धोका चांगलाच होता. आपल्याकडे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी ‘चांदोबा चांदोबा भागलास का’ घेऊन त्याचं प्रेमगीत केलं आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुलींसमोर गायलं तर काय होईल, कल्पना करून पाहा. एक तर सभागृह हसेल किंवा पहिल्या ओळीपासून ताब्यात येईल. मधली शक्यता फार कमी. डू-वॉपमध्ये गाणाऱ्याची सगळी मदार ‘मी प्रेमात पडलेला तरुण आहे’ या विश्वासावर असते. बडबडगीत त्या विश्वासाच्या मुळावरच येऊ शकतं.

प्रत्यक्षात काय केलं

गाण्याचे गीतकार म्हणून व्हिटो पिकोन आणि आर्थर व्हेनोसा यांची नावं आहेत. पिकोन समूहाचा मुख्य गायक आणि व्हेनोसा पहिला टेनर.

जेन टेलर या इंग्लिश कवयित्रीची मूळ कविता १८०६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लहान मूल ताऱ्याला विचारतं, तू आहेस तरी काय? एलिगंट्सच्या गाण्यात तरुण विचारतो, तू आहेस तरी कुठे? एवढा एकच शब्द बदलला आणि कुतूहलाची कविता शोधाची झाली. आकाशातला तारा आता न भेटलेली मुलगी झाला. मला हा सगळ्या गाण्यातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो, कारण ऐकणाऱ्याच्या तोंडात मूळ ओळ तयार असते आणि ती ओळ शेवटच्या क्षणी वेगळीकडे वळते. पाठ असलेलं ऐकल्याचा आनंदही मिळतो आणि नवं ऐकल्याचाही.

याला त्यांनी अमेरिकन मुलांच्या तोंडी असलेल्या दुसऱ्या एका जुन्या गाण्याचा तुकडा जोडला. संध्याकाळी पहिला तारा दिसला की मनातली इच्छा मागायची, असं ते गाणं. त्यामुळे प्रेयसी मागायला निमित्त आयतंच मिळालं. दोन्ही तुकडे ताऱ्याचे असल्यामुळे जोड कुठे उघडी पडत नाही.

चालीच्या बाबतीत ते सावध राहिले. ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल मूळची फ्रेंच. ती १७६१ साली छापलेली सापडते आणि पुढे मोझार्टने पियानोसाठी तिची बारा वेगवेगळी रूपं रचली. इंग्रजी मुळाक्षरांचं गाणंही त्याच चालीवर म्हणतात. ही चाल जशीच्या तशी उचलली असती तर गाणं बालवाडीतून बाहेरच पडलं नसतं. त्यांनी शब्दांची ओळख ठेवली आणि गाण्याला डू-वॉपची लय दिली. शिवाय बडबडगीताची ओळ येण्याआधी मुख्य गायक अर्थहीन अक्षरांची एक लांब लकेर घेतो. हे डू-वॉप आहे अशी श्रोत्याच्या कानाची खात्री पटते आणि मगच बालगीत येतं. क्रम उलटा असता तर हशाची शक्यता बरीच वाढली असती.

गाणं घेतलं ते ‘हल रेकॉर्ड्स’ने. ही बी कॅस्लिन या बाईंची छोटी कंपनी. त्या काळात या धंद्यात बाई मालक असणं दुर्मीळच. पण रेकॉर्ड बाजारात आली ती हलच्या नावाने नाही, तर ‘एबीसी-पॅरामाउंट’ या मोठ्या कंपनीच्या ‘ॲप्ट’ या लेबलवर, म्हणजे रेकॉर्डवर छापायच्या नाममुद्रेखाली. हलने गाणं मोठ्या कंपनीला करारावर दिलं होतं.

हा निर्णय समजून घेण्यासारखा आहे. छोट्या कंपनीला चाललेलं गाणंही बुडवू शकतं. मागणी आली की तबकड्या छापायचे पैसे कारखान्याला आधी मोजावे लागतात. वितरकांकडून वसुली मात्र महिनोन्महिने होत नाही, काही वितरक तर पुढची हिट रेकॉर्ड येईपर्यंत मागचे पैसेच सोडत नसत. म्हणजे गाणं जितकं जोरात चालेल तितकी घरातली रोकड आटणार. हलने त्याच वर्षाच्या सुरुवातीला ‘द मोनोटोन्स’ या समूहाच्या ‘बुक ऑफ लव्ह’बाबत हेच केलं होतं. आधी स्वतःच्या उपलेबलवर काढलं, मागणी वाढल्यावर शिकागोच्या चेस कंपनीच्या ‘आर्गो’ लेबलकडे दिलं आणि ते देशभर पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. ते गाणंही उसन्या ओळखीवरच उभं होतं. टूथपेस्टच्या रेडिओ जाहिरातीतल्या ओळीवरून ते सुचलं होतं. आणि मोनोटोन्सचंही तेच एक हिट. हा योगायोग मला योगायोग वाटत नाही.

निकाल

‘लिटल स्टार’ हॉट हंड्रेडच्या शिखरावर एक आठवडा राहिलं. ही यादी ४ ऑगस्ट १९५८ला सुरू झाली होती आणि तिच्यात पहिल्या क्रमांकावर पोचलेलं हे तिसरंच गाणं. आदल्या आठवड्यात तिथे डोमेनिको मोदुन्योचं ‘वोलारे’ होतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच आलं. म्हणजे एका इटालियन गाण्याला इटालियन आडनावांच्या मुलांनी आठवडाभर खाली उतरवलं. आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज), म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या यादीतही गाणं पहिलं आलं. ही कला ज्या समाजात जन्मली त्या समाजाच्या श्रोत्यांनीही ते आपलं मानलं, आणि त्या पाचांच्या गाण्याला याहून मोठी पावती मला दिसत नाही. खप दहा लाखांच्या वर गेला.

मग आले दौरे. तेव्हाची पद्धत अशी की डझनभर कलाकार एका बसमध्ये भरायचे, रोज नवं शहर, आणि प्रत्येकाने दोन-तीन गाणी गाऊन उतरायचं. एकच हिट असलेल्या समूहाला या पद्धतीचा मोह पडणं साहजिक आहे, कारण दोन-तीन गाण्यांच्या वर त्यांच्याकडे कुणी मागतही नाही. नुकसान नंतर होतं. बसमध्ये गाणी लिहिली जात नाहीत, स्टुडिओ न्यूयॉर्कमध्ये राहतो आणि रेडिओचा निवेदक पुढच्या रेकॉर्डकडे वळतो. एलिगंट्सच्या पुढच्या रेकॉर्ड आल्या, पण यादीत शिरल्या नाहीत.

पैशाचा हिशेब

या प्रकरणाच्या या भागाबद्दल फार कमी बोललं जातं, आणि नव्याने गाणी करणाऱ्या मुलांना खरं तर हाच सगळ्यात आधी सांगायला हवा.

अमेरिकेच्या १९०९च्या कायद्याने रेकॉर्डवर येणाऱ्या प्रत्येक गाण्याला प्रतीमागे २ सेंट असा दर ठरवला होता आणि तो १९७८पर्यंत तसाच राहिला. म्हणजे दहा लाख प्रती खपल्या तर एका गाण्याचे २०,००० डॉलर. रिवाजाप्रमाणे निम्मे प्रकाशकाचे. उरलेले १०,००० दोन गीतकारांत वाटले की प्रत्येकी ५,०००. हे नियमावरून केलेलं गणित आहे. करारातल्या सवलती आणि वजावटी धरल्या की प्रत्यक्ष आकडा यापेक्षा खाली येतो.

आता तबकडी उलटी करा. बी बाजूला ‘गेटिंग डिझी’ नावाचं गाणं होतं. ते कुणी मुद्दाम ऐकायला घेतलं नसेल, पण त्यालाही प्रतीमागे तेवढाच दर लागू. ए बाजू चढते तेव्हा बी बाजूचा गीतकार फुकट वर जातो. म्हणून त्या काळी बी बाजूला कुणाचं गाणं घालायचं यावर खोलीत इतकी ओढाताण चालायची.

आणि बाकीचे तिघे? दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास. त्यांच्या वाट्याला गायक म्हणून मिळणारी रॉयल्टी. ती कंपनीच्या करारावर ठरायची. स्टुडिओचा खर्च आधी वळता व्हायचा आणि उरेल ते पाच जणांत. रेडिओचं तर आणखी विचित्र. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की गीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गाणाऱ्याला काही मिळत नाही. आजही तसंच आहे. ‘लिटल स्टार’सारखी गाणी जुन्या गाण्यांच्या केंद्रांवर पुढची अनेक दशकं वाजत राहिली. प्रत्येक वेळी पाच गळे ऐकू येतात, पण कायद्याच्या हिशेबात दोनच नावं असतात.

दोघांनी लिहिलं, दोघांचं नाव लागलं, यात कुणावर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. पण डू-वॉपमध्ये गाणं म्हणजे फक्त शब्द आणि मुख्य चाल नव्हे. खर्जातला आवाज कुठे शिरतो, मधले तिघे कोणतं अक्षर धरतात, कुठे थांबतात, यातून गाण्याची ओळख बनते. हे सगळं त्या फळ्यांच्या वाटेखाली पाच जणांनी मिळून बसवलेलं असतं. कागदावर मात्र ते कुठेच येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट दुसऱ्या गाण्याची. बडबडगीत घेतल्यामुळे पहिल्या भेटीचं निम्मं काम श्रोत्याच्या आठवणीने केलं. दुसऱ्या गाण्याला ही मदत मिळत नाही, आणि पुन्हा बडबडगीतच घ्यावं तर लोक ‘यांना एवढंच येतं’ म्हणतात. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचं उदाहरण इथे उपयोगाचं आहे. तिचं पहिलं प्रचंड गाजलेलं गाणं, १९३८चं ‘अ टिस्केट, अ टास्केट’, हेही जुन्या बालगीतावरून केलेलं. त्यात मुलीची पिवळी टोपली हरवते. त्याच वर्षी तिने ती टोपली सापडल्याचं गाणंही केलं. मूळ गाण्याइतकं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तरी एलाचं काही अडलं नाही, कारण ती १९३५पासून चिक वेबच्या बँडबरोबर गात होती, तिच्यामागे रोज वाजणारा ताफा होता आणि हाताशी गाण्यांचा साठा होता. बालगीताने तिला दार उघडून दिलं आणि दारामागे घर तयार होतं. एलिगंट्सनी ‘लिटल स्टार’ कंपनीकडे नेण्याआधी त्याच तोडीची आणखी दोन गाणी बसवून ठेवली असती, किंवा गाणं यादीत चढायला लागल्याबरोबर दौऱ्याआधी आठवडाभर स्टुडिओ मागून घेतला असता, तर गोष्ट बदलली असती असं मला वाटतं. तशी मागणी करायची वेळ गाणं वर जात असतानाचीच. ते उतरायला लागल्यावर कंपनी फोनही उचलत नाही.

दुसरी गोष्ट वाटणीची. गीतकार दोघेच राहू द्यावेत, पण त्यांच्या हिश्शातला काही भाग पाचही जणांत वाटायचा, असं आपसात कागदावर लिहून घेता येतं. गाणं खपायच्या आधी हे पाच मिनिटांत होतं, नंतर पाच वर्षांतही होत नाही.

तिसरी गोष्ट हक्कांची, आणि इथे त्यांचं पाऊल बरोबर पडलं. जेन टेलर १८२४ साली गेली, त्यामुळे कवितेवर कुणाचा हक्क उरलेला नव्हता. जुन्या सार्वजनिक रचनेवरून केलेल्या गाण्यात तुम्ही नव्याने घातलेलं तेवढंच तुमचं असतं. तारा सगळ्यांचाच राहतो, पण ती लकेर आणि तो बदललेला प्रश्न मात्र गीतकारांचा. मराठीत असं काही करू पाहणाऱ्यांनी एक तपासणी जरूर करावी. सगळ्यांना पाठ आहे म्हणून एखादं गाणं सार्वजनिक होत नाही. ‘नाच रे मोरा’ आपल्याला लोकगीताइतकं जवळचं वाटतं, पण ते ग. दि. माडगूळकरांचं आहे. ते १९७७ साली गेले आणि भारतीय कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०३७ संपेपर्यंत. परवानगी न घेता त्याचं रूपांतर करता येणार नाही.

चौथी गोष्ट मोठ्या कंपनीकडे गाणं देण्याची. ते टाळायला हवं होतं का? माझ्या मते नाही. हलने स्वतःच काढलं असतं तर गाणं ईशान्य अमेरिकेच्या चार शहरांबाहेर पोचणं अवघड होतं. पण करारात दुसऱ्या आणि तिसऱ्या रेकॉर्डच्या तारखा, त्यांच्या जाहिरातीचा किमान खर्च आणि त्या वेळेवर न निघाल्यास समूहाला मोकळं होण्याची मुभा, एवढं मागून पाहायला हवं होतं. विशीतल्या मुलांना हे सुचत नाही, म्हणून त्यांच्या बाजूने बसणारा, कंपनीशी देणंघेणं नसलेला एक वकील लागतो.

पिकोन पुढे अनेक दशकं एलिगंट्स हे नाव घेऊन जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत गात राहिला. सोबतचे आवाज बदलत गेले. त्या कार्यक्रमांत श्रोते कोणतं गाणं मागायचे, हे सांगायला नको.